गुरामीची घरगुती पैदास : पाण्यावरची हवा सांभाळा

घरच्या एका खोलीत किंवा दुकानाच्या माळ्यावर शोभिवंत मासे वाढवून चार पैसे जोडावेत, असे पुष्कळांच्या मनात येते. पण सुरुवात कोणत्या माशापासून करावी, येथे घोडे अडते. आमच्या मते नवख्याने गुरामी धरावा. मात्र त्याचा स्वभाव समजून न घेता भांडवल घालू नये.

बहुतेक मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी घेतात. गुरामीला कल्ले असतातच. शिवाय त्यांच्या वर, डोक्यात, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याच्या साहाय्याने हा मासा पाण्यावर तोंड काढून हवा घेतो. म्हणून दोन-चार तास वीज गेली आणि पंप बंद पडला तरी गुरामी तग धरतो. हा झाला फायदा. पण वर येण्याची वाट बंद झाली तर हाच मासा पाण्यात गुदमरून मरतो, हे टाकी बनवणाऱ्या कारागिरांनी विशेष लक्षात घ्यावे.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ साधारण 56 लिटर पाणी मावते. तिला 5 मिलिमीटर जाडीची काच चालते. सांध्यासाठी बुरशीनाशक नसलेले सिलिकॉनच घ्यावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या सिलिकॉनमध्ये बऱ्याचदा बुरशीनाशक असते आणि ते माशांना विषारी ठरते. टाकी दोन-तीन दिवस सुकू द्यावी. पाणी वरून दोन-तीन इंच खाली ठेवावे आणि टाकीवर पूर्ण झाकण घालावे, म्हणजे पाण्यावरची हवा उबदार व दमट राहते. फिल्टरचा झोत जोराचा नको. गुरामी संथ पाण्यातला मासा आहे.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी जुने फोटोग्राफर वापरत तो हायपो चालतो. पाण्याचे तापमान 25 ते 28 अंश हवे. नवीन टाकीत पहिल्याच दिवशी मासे भरू नयेत. माशांच्या घाणीपासून होणारे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर थोडेच मासे, थोडेच खाद्य.

आता जात कोणती? बुटका गुरामी दिसायला सर्वांत देखणा, आणि तो आपल्याच देशातला, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. बंगालात त्याच्या जातभाईंना खोलसे म्हणतात. हॅमिल्टनने 1822 मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. परंतु बाजारात येणाऱ्या पैदाशीच्या मालात एक विषाणूजन्य रोग आढळतो. रंग फिका पडतो, मासा खाणे सोडतो, पोट फुगते, अंगावर जखमा दिसतात. त्यावर औषध नाही. म्हणून बाहेरून आणलेला मासा किमान तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. जाळीसुद्धा वेगळी वापरावी. रोगट वाटणारा मासा स्वस्तात खपवण्याचा मोह होतो. गिऱ्हाईकाच्या टाकीतले बाकीचे मासेही त्यापायी जातात, आणि ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

पैदाशीसाठी निळा गुरामी बरा. नराचा पाठीवरचा पर लांब व टोकदार, मादीचा आखूड व गोलसर. जोडीला आठ-दहा दिवस जिवंत खाद्य द्यावे. नंतर वेगळ्या टाकीत पाणी सहा इंचांवर आणावे, 28 अंश ठेवावे आणि तरंगत्या वनस्पती सोडाव्यात. नर पाण्यावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो. मादी तयार नसेल तर तो तिला बेजार करतो, कधी जीवही घेतो. तिला लपायला जागा हवीच. मादी शेकड्यांनी अंडी घालते. त्यानंतर मादीला लगेच काढावे. अंडी दीड दिवसाच्या आत फुटतात. पुढे दोन-तीन दिवसांत पिल्ले पोहू लागली की नरालाही काढावे, नाहीतर तोच पिल्ले गिळतो.

खरी कसोटी येथून पुढे. पिल्ले इतकी बारीक असतात की पूड केलेले खाद्यही त्यांच्या तोंडात जात नाही. पाण्यात कोबीचे पान कुजवून तयार होणारे सूक्ष्मजीव त्यांना सुरुवातीला द्यावे लागतात, आणि ते पाणी आधी तयार हवे. अंडी फुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आठवड्याने आर्टेमियाची पिल्ले चालतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लॅबिरिंथ तयार होऊ लागतो. त्या दिवसांत पाण्यावर गार हवा आली तर एका रात्रीत टाकी रिकामी होते. नाशिक-नागपूरकडे थंडीत हे फार घडण्यासारखे आहे. झाकण काढून ठेवू नये.

हिशेब मांडताना अंडी मोजू नयेत. 100 पिल्लांतली 40 विक्रीला आली तर वीज, खाद्य, जागा हा सर्व खर्च त्या 40 वरच पडतो. तो धरून भाव ठरवावा. कुर्ल्याच्या किंवा कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारभावाशी ताडून पाहावा. तेथे आपला भाव टिकत नसेल तर टाक्या वाढवू नयेत.

मासे देताना पिशवीत एक भाग पाणी व दोन भाग हवा ठेवावी. पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवून मगच सोडण्यास गिऱ्हाईकाला सांगावे. लहान टाकीसाठी कोणी दोन नर मागितले तर एकच द्यावा. दोन नर एकमेकांना फाडतात.