रात्रपाळीची नोकरी: होकाराआधी आणि होकारानंतर

रात्रपाळी म्हणजे साधारणपणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतली ड्युटी. गोंदिया जिल्ह्यातल्या कामठ्यासारख्या धानपट्ट्यातल्या गावाला रात्रीचे काम नवे नाही. रानडुकरांपासून धान राखायला शेतावर जागल करणारा आणि रात्रीच्या विजेवर मोटार लावून बांधीत पाणी सोडणारा माणूस इथल्या घरांच्या परिचयाचा आहे. पण जागल हंगामापुरती असते. नोकरीतली रात्रपाळी वर्षानुवर्षे फिरून फिरून येते, म्हणून तिची तयारी वेगळी करावी लागते आणि ती कामावर जाणाऱ्याइतकीच घरच्यांनाही करावी लागते.

रात्रपाळी कुठे अटळ आहे

गोंदिया जंक्शन मुंबई–हावडा मार्गावर आहे. गाड्या रात्रभर धावतात, त्यामुळे सहायक लोको पायलट, स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन यांना रात्रीची ड्युटी चुकत नाही. तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत. असा संच दिवा विझवावा तसा संध्याकाळी बंद करून सकाळी सुरू करता येत नाही. म्हणून आयटीआय किंवा डिप्लोमा करून अशा ठिकाणी लागणाऱ्या ऑपरेटरला तिन्ही पाळ्या कराव्या लागतात. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे किंवा कुठल्याही रुग्णालयात नर्सिंगच्या मुलीला नाइट येणारच. नागपूर-पुण्याच्या ज्या कंपन्या अमेरिकेतल्या ग्राहकांना सेवा देतात, त्यांचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो. यांपैकी एखादे क्षेत्र निवडतानाच मुलाने आणि पालकांनी रात्रपाळी गृहीत धरावी. नेमणूकपत्र हाती आल्यावर तिचा धक्का बसू नये.

शरीरावर काय परिणाम होतो

माणसाच्या शरीरात दिवस-रात्रीचे घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडावरून जुळते. पहाटे ३ ते ५ च्या दरम्यान शरीराचे तापमान सर्वांत खाली येते, डोळे जड होतात आणि चुका वाढतात. दिवसाची झोप तुकड्यातुकड्यांची आणि कमी होते. रात्री खाल्लेले नीट पचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दीर्घकाळच्या रात्रपाळीला कर्करोगाचे संभाव्य कारण मानले आहे. याचा अर्थ नोकरी नाकारावी असा नाही. झोपेची हेळसांड करू नये, एवढा आहे.

घराची तयारी

सकाळी ७ ला घरी आलेल्या माणसाने हलके खावे आणि ८ च्या आत अंथरुणावर पडावे. दुपारी १ पर्यंत एक झोप आणि ड्युटीवर निघण्याआधी दीड तासाची दुसरी झोप, अशी विभागणी बहुतेकांना जमते. अडचण असते ती घराची. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली सकाळी १० नंतर झोप लागत नाही. म्हणून घरातली सर्वांत थंड खोली त्याला द्यावी, खिडकीला जाड चादर लावावी आणि कुलर आधीच दुरुस्त करून ठेवावा. त्या वेळेत टीव्ही, मिक्सर आणि पाहुणे दूर ठेवावेत. ‘घरीच तर आहे’ म्हणून त्याला गिरणीवर किंवा बँकेत पाठवू नये. त्याची सकाळ म्हणजे त्याची मध्यरात्र आहे, हे आई-वडिलांनी शेजाऱ्यांनाही सांगून ठेवावे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत रात्रभर नाटके चालतात. साप्ताहिक सुट्टीची रात्र त्यात गेली, तर साचलेली झोप भरून निघत नाही.

डब्यात भाताचा मोठा ढीग नको. दोन पोळ्या, भाजी, फुटाणे, एखादे फळ पुरते. पोटभर जेवण ड्युटीआधीच व्हावे. चहा पहाटे ३ नंतर घेऊ नये, कारण त्याचा परिणाम सकाळच्या झोपेवर होतो.

सर्वांत मोठा धोका परतीच्या रस्त्यावर असतो. सलग १७-१८ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळे मद्य घेतलेल्यासारखे मंदावतात. हिवाळ्यात धानाच्या बांध्यांवर धुके असताना अशा अवस्थेत दुचाकी हाणणे जिवावर बेतू शकते. झोप अनावर असेल, तर कामाच्या ठिकाणीच वीस मिनिटे डोळा लागू द्यावा आणि मग निघावे. घरच्यांनी उशीर झाला म्हणून सतत फोन करू नये.

होकार देण्याआधी विचारायचे प्रश्न

सलग किती रात्री असतील? पाळी किती दिवसांनी बदलेल? सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने फिरणारी पाळी उलट्या क्रमापेक्षा सोसवते. रात्रींनंतर पूर्ण सुट्टी मिळते का? येण्याजाण्याला वाहन आहे का? भत्ता किती? खासगी नोकरीत रात्रपाळीचा भत्ता बहुधा कंपनीच्या धोरणावर असतो, म्हणून तो लेखी घ्यावा. कारखान्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर, हे नियम १९४८ च्या कारखाने कायद्यापासून चालत आले आहेत.

मुलींच्या बाबतीत, महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार रात्री ९:३० ते सकाळी ७ या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते. पालकांची काळजी रास्त आहे. त्या काळजीचे उत्तर मुलीला अडवण्यात नाही, या व्यवस्थेची चौकशी करण्यात आहे.

कोणी थांबावे

फिट्स येणाऱ्याने, इन्सुलिन घेणाऱ्याने आणि गरोदर स्त्रीने डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय रात्रपाळी स्वीकारू नये. इतरांनी दोन-तीन महिने शिस्त पाळूनही झोप लागत नसेल, वजन घटत असेल किंवा चिडचिड वाढत असेल, तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून पाळी बदलण्याचा लेखी अर्ज द्यावा. साहेबांशी तोंडी वाद घालण्यापेक्षा किंवा तडकाफडकी राजीनामा देण्यापेक्षा हा मार्ग बरा. तोही चालला नाही, तर त्याच शिक्षणावर जनरल शिफ्टची कामे मिळू शकतात. इलेक्ट्रिशियनला देखभाल-दुरुस्ती विभागात, नर्सला बाह्यरुग्ण विभागात किंवा नर्सिंग शाळेत ती शोधता येतात.