घर विकायचे आहे, पण त्याआधी किती खर्च करावा?

व्यापारी आणि कारागीर बंधूंनो, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासमोर आपण कापडाचा ताका कसा उघडतो ते आठवून पाहा. घडी झटकतो, सळ हाताने काढतो, चांगला पन्ना वर ठेवतो आणि रंग दिव्याखाली बरोबर दिसत नसेल तर गिऱ्हाइकाला ओट्यावर उन्हात नेतो. चाळीस रुपये मीटरच्या कपड्यासाठी आपण एवढे करतो. आणि तीस-पस्तीस लाखांचे घर विकायची वेळ आली की कुलूप उघडून म्हणतो, "बघून घ्या, असेच आहे." माझ्या हातून हे घडले आहे, म्हणून लिहितो.

सोलापुरातले आमचे वडिलोपार्जित घर आम्ही २०२३ साली विकले. वालिद साहेबांचे २०२० मध्ये निधन झाले, अम्मी त्याआधीच गेल्या होत्या. वारस आम्ही चौघे : दोन भाऊ, दोन बहिणी. शरीयतच्या हिशेबाने मालमत्तेचे सहा भाग, भावांना दोन-दोन आणि बहिणींना एक-एक. धाकटी बहीण विधवा आहे, भाड्याने राहत होती आणि घरमालकाने जागा खाली करायला सांगितले होते. तिच्या सहाव्या हिश्श्यातून तिला एक खोली-स्वयंपाकघर घ्यायचे होते. त्यामुळे घर किती लाखांत जाते आणि किती दिवसांत जाते, या दोन्ही गोष्टी तिच्यासाठी सारख्याच महत्त्वाच्या होत्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिले गिऱ्हाईक आले. घर दोन वर्षे बंद होते. खाली जुन्या हातमागाचे लाकूड, रिकामी बॉबिने, सुताच्या कोनांची पोती, मोडकी शिलाई मशीन. वरच्या खोलीत गच्चीच्या ओलीने चुन्याचे पापुद्रे सुटलेले. बल्ब दोनच चालू. त्या गृहस्थांनी दहा मिनिटांत घर पाहिले आणि ३१ लाख सांगितले. धाकटी म्हणाली, "भाईजान, देऊन टाका." मी दोन महिने मागून घेतले. ते दोन महिने तिने घरमालकाची बोलणी ऐकून काढले. हा खर्च माझ्या वहीत कुठे लिहिलेला नाही, म्हणून इथेच सांगून ठेवतो.

अमेरिकेत विकायचे घर सजवून देण्याचा स्वतंत्र धंदाच आहे. त्याला तिकडे होम स्टेजिंग म्हणतात. १९७२ च्या सुमारास सिएटल शहराच्या परिसरात बार्ब श्वार्ट्झ नावाच्या बाईंनी याची सुरुवात केल्याचे श्रेय त्यांना दिले जाते. तिथे रिकाम्या घरात भाड्याचे सोफे, पलंग, गालिचे, तसबिरी मांडतात आणि घर विकले की उचलून नेतात. तिथल्या दलालांची मोठी संघटना यावर अहवाल काढते. त्यात बैठकीची खोली सजवणे सर्वांत महत्त्वाचे असे दलाल सांगतात. मात्र हे मत दलालांचे आहे, आणि दलालाने दलालीच्या कामाची तारीफ करावी यात नवल नाही. याउलट लेन, सायलर आणि सायलर या तीन अभ्यासकांचा २०१५ चा एक अभ्यास आहे. त्यांनी एकाच घराची चित्रफीत वेगवेगळे भिंतीचे रंग आणि वेगवेगळे फर्निचर दाखवून खरेदीदारांपुढे ठेवली. चांगल्या सजावटीमुळे घर लोकांना जास्त आवडले. पण ते स्वतः त्यासाठी जी किंमत द्यायला तयार होते, ती मात्र वाढली नाही.

कापडवाल्याला हे नवीन नाही. शोकेसमधल्या पुतळ्याला नेसवलेली साडी पाहून बाई दुकानात येते, पण भाव ठरवताना ती पोत चिमटीत धरून पाहते. घराचेही तसेच आहे. सजावटीने गिऱ्हाईक उंबऱ्याच्या आत येते आणि थोडा वेळ थांबते. किंमत ठरते ती जागा, रस्ता, कागदपत्रे, पाणी आणि बांधकाम यांवर. म्हणून भाड्याचे सोफे आणण्याच्या फंदात आपल्या ऐपतीच्या माणसाने पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण कचरा, अंधार, ओल आणि गळके नळ यांमुळे गिऱ्हाईक जी रक्कम मनातल्या मनात वजा करते, ती खऱ्या दुरुस्तीच्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट असते. फुटका नळ पाहिला की त्याला भिंतीतली सगळी पाइपलाइन सडलेली दिसते. खर्च करायचा तो ही वजावट थांबवण्यासाठी.

आता हिशेब देतो. भाव सोलापूरचे आणि २०२२ चे आहेत, आज जास्त लागतील. भंगार आणि कचरा ट्रॉलीने हलवला त्याचे ३,००० रुपये लागले. हातमागाचे सागवान विकून जे आले ते वेगळे, ते चौघांत वाटले. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला २८,००० गेले. आतून रंग, साधा ऑइल-बाउंड डिस्टेंपर, फिका बदामी, मजुरीसह ३४,०००. नळ, वायरिंगची डागडुजी आणि प्रत्येक खोलीत बल्ब ६,५००. न्हाणीघराच्या फरशा अॅसिडने धुऊन सांध्यांत पांढरे सिमेंट भरले, ४,०००. सुताराने दारे रंधून बिजागऱ्या बदलल्या, ३,२००. दोन बायकांनी दोन दिवस घर धुतले आणि हौद उपसून घासला, १,८००. पडदे माझ्या दुकानचेच, पण वहीत मी खरेदीभावाने ३,५०० लिहिले, कारण माल माझा असला तरी घर चौघांचे होते. एकूण ८४,०००.

याशिवाय २४,००० रुपये वाया गेले. थोरल्या भावाचा आग्रह होता की पुढच्या खोलीत पीओपीची नक्षी हवी. मीही भरीला पडलो. ज्याने घर घेतले त्याने महिनाभरात ती फोडली, कारण त्याला तिथे माल ठेवायला माळा हवा होता. हे २४,००० आम्ही दोघा भावांनी बारा-बारा हजार करून सोसले, बहिणींच्या हिश्श्यात धरले नाहीत. त्यांना विचारलेच नव्हते. उरलेले ८४,००० सहा भागांत टाकले. बहिणींकडे १४,००० प्रत्येकी, भावांकडे २८,००० प्रत्येकी. वारसांचे घर असेल तर ही बोलणी खर्चाआधी करावीत, कागदावर लिहावीत. मागाहून बोलले की "कुणी सांगितले होते रंग द्यायला?" हे ऐकावे लागते. आमच्याकडेही एकदा ऐकावे लागले.

या सगळ्यात सर्वांत कमी पैशात सर्वांत जास्त काम कोणी केले असेल तर हौदाने. त्या वेळी आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचे. गिऱ्हाइकाच्या घरच्या बाईंनी पुढची खोली, पीओपी, पडदे यांकडे पाहिलेही नाही. सरळ मागे जाऊन हौदाचे झाकण उचलायला लावले आणि त्यात किती पाणी मावते ते विचारले. आपल्या गावातल्या गिऱ्हाइकाला कशाची चणचण आहे ते आधी ओळखावे आणि तीच वस्तू धुऊन-पुसून पुढे ठेवावी. मुंबईत ती जागा कपाटाची असेल, पुण्यात गाडी लावायची असेल.

ज्या कारागीर बंधूंच्या घरातच कारखाना आहे त्यांच्यासाठी थोडे वेगळे. माग, शिलाई, रंगाई, जरीकाम यांच्या घराला तेलाचे डाग, रुईची धूळ आणि रसायनाचा वास असतो. आपल्याला तो वास येत नाही, कारण आपण त्यातच वाढलो. शेजारच्या वस्तीतल्या एखाद्या नातेवाइकाला बोलावून विचारावे. रुईची धूळ छताच्या तुळयांवरून आणि पंख्याच्या पात्यांवरून काढल्याशिवाय रंग देऊ नये, रंग धरत नाही. पण थ्री-फेज मीटर, मजबूत कोबा, मालासाठीचे रुंद दार हे "घर घरासारखे दिसावे" म्हणून काढून टाकण्याची घाई करू नका. तुमचे घर घेणारा बहुधा तुमच्यासारखाच कारागीर असतो आणि त्याला ते हवे असते.

आता मुख्य प्रश्न. सजवणे कुठे संपते आणि लपवणे कुठे सुरू होते? ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरून विकणाऱ्याला रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी बाजारात टोकल्याची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो. ओल्या भिंतीवर कोरडा रंग देणे याहून वेगळे कसे? फिकह्मध्ये मालातला ऐब विक्रेत्याने झाकला तर खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क सांगितला आहे. देशाचा कायदाही तेच सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार, जो मोठा दोष विक्रेत्याला माहीत आहे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. रंगाखाली गेलेली ओल नेमकी अशीच असते. दलाल मंडळी एक आणखी युक्ती करतात : गिऱ्हाईक बसलेले असताना खोटे गिऱ्हाईक पाठवून भाव चढवतात. शरीयतमध्ये याला नजश म्हणतात आणि ते मना आहे. आमच्या दलालाने सुचवले होते, मी नको म्हटले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तयार कपड्यांचा छोटा कारखाना चालवणारे एक गृहस्थ आले. आमची मागणी ३५ लाखांची होती. बोलता बोलता ते ३४ वर आले. थोरल्या भावाने डोळ्याने खुणावले की आता गप्प राहा. पण गच्चीचे काम नोव्हेंबरात केलेले, त्यावर पावसाचा एक थेंबही पडलेला नव्हता. मी त्यांना वर नेले आणि सांगितले, "ईशान्येच्या या कोपऱ्यात पाणी यायचे. काम केले आहे, ही पावती. पण गळती थांबली असे मी म्हणू शकत नाही, कारण पाऊस पाहिलेला नाही." त्यांनी थोडा विचार करून ४०,००० कमी केले. सौदा ३३ लाख ६० हजारांना ठरला. भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बहिणींच्या वाट्याचे यात सुमारे सहा हजार सातशे रुपये प्रत्येकी कमी झाले, त्यामुळे त्यांचे मत मी आधीच घेऊन ठेवले होते. धाकटी म्हणाली होती, "सांगा, लपवून आलेल्या पैशाच्या घरात मला राहायचे नाही."

पहिल्या भावापेक्षा २ लाख ६० हजार जास्त आले. त्यातून ८४,००० गेले, राहिले १ लाख ७६ हजार. दलालीसुद्धा यातूनच गेली. हा सगळा फायदा रंगरंगोटीचा असे मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर घरे बघणारेही जास्त निघतात आणि आम्ही चार महिने थांबलो हेही खरे. पहिल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस केली असती तर तोही कदाचित लाख-दीड लाख चढला असता.

पावत्यांबद्दल दोन शब्द. घर विकून झालेल्या नफ्यावर कर लागतो आणि वारसाने मिळालेल्या घराची मूळ किंमत वडिलांच्या खरेदीची धरतात. २००१ पूर्वीचे घर असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते. २३ जुलै २०२४ पासून या कराचे दर आणि पद्धत बदलली आहे, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका. दलाली नफ्यातून वजा होते. नुसता रंग आणि किरकोळ डागडुजी सुधारणेच्या खर्चात धरत नाहीत. पक्के बांधकाम केले असेल तर ते धरता येते, पण पावती हवी. आपले मिस्त्री पावती देत नाहीत, तर साध्या कागदावर नाव, काम, रक्कम, तारीख लिहून सही घ्यावी आणि पैसे बँकेतून द्यावेत. आणि खरेदीखत नीट वाचावे. माझी शाळा उर्दू माध्यमाची, मला ते दोनदा वाचून घ्यावे लागले आणि दुसऱ्या वाचनात हद्दीच्या वर्णनात पूर्व-पश्चिम उलट झालेली सापडली.

जुलै २०२३ मध्ये त्या गृहस्थांचा फोन आला. पाऊस लागला होता. म्हणाले, "पाणी आलंय, पण तुम्ही दाखवलं होतं त्याच कोपऱ्यात, थोडंसं. तो मिस्त्री कोण होता, नंबर द्या." मी नंबर दिला आणि मिस्त्रीलाही फोन करून सांगितले की वर्ष झालेले नाही, मजुरी घेऊ नकोस. त्याने सामानाचे तेवढे घेतले. आता ते गृहस्थ अस्तराचे कापड माझ्याकडून नेतात, उधारीवर, आणि वेळेवर देतात.