दख्खनी मेंढीची लोकर व तिच्या सुताची जोपासना

सातारा जिल्ह्यातील माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी-जत हा कमी पावसाचा मुलूख मेंढीचा होय. खतासाठी रानात कळप बसविण्याची चाल आमच्या वाचकांस परिचित आहेच. परंतु त्याच कळपाच्या लोकरीकडे आज कोणी फारसे पाहत नाही. तिच्या विक्रीतून पुष्कळदा कातरण्याची मजुरीही सुटत नाही. सबब ती टाकून देण्यात येते.

दख्खनी मेंढी बहुधा काळी. तिची लोकर भरड व केसाळ असते. तलम वस्त्रास ती निरुपयोगी, पण घोंगडीस व जेनास उत्तम. शिवाय काळ्या सुतास रंगविण्याचा खर्च नाही. उलटपक्षी जत तालुक्यातील बाकदार नाकाची माडग्याळ मेंढी मांसासाठी नामांकित असली, तरी तिच्या अंगी लोकर नाममात्रच. वजनाच्या लोभाने दख्खनी मेंढ्यांना माडग्याळ नर दाखविला जातो. त्यात मांसाचा लाभ होतो खरा, पण लोकरीची निपज खालावते. म्हणून कळपातील काही काळ्या मेंढ्या निराळ्या राखून त्यांस काळाच दख्खनी नर द्यावा. माण तालुक्यात दहिवडी व कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणी येथे, १९७८ साली स्थापन झालेल्या राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रे आहेत; तेथे नराविषयी चौकशी करावी.

कातरणी वर्षातून दोनदा होते. मेंढ्या आधी वाहत्या पाण्यात धुवाव्या व अंग पुरते वाळल्यावर स्वच्छ जागी कातराव्या. एकाच जागी दोनदा कातर चालवू नये. त्याने तुकडे आखूड पडून सूत तुटते. कोकरांची पहिली लोकर, म्हणजे जावळ, मऊ असते. ती वेगळी ठेवावी. काळी, करडी व पांढरी यांचे निरनिराळे ढीग करावे. पोटापायांची मळकट लोकर त्यांत मिसळू नये.

पिंजून चरख्यावर काढलेल्या सुतास विणकर चिंचोक्याची खळ देतात. खळीचे सूत ओलसर राहिल्यास बुरशी धरते, म्हणून ते पुरते वाळवावे. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण व चोळणे यांनी ते एकमेकांत गुंततात आणि वस्त्र आटते. जेन याच गुणावर बनते. घोंगडीस मात्र तो घातक होय. म्हणून थंड पाण्यात रिठ्याने धुवावे, पिळू नये, सावलीत पसरून वाळवावे. धुण्याचा सोडा तर कटाक्षाने वर्ज्य करावा.

कसरीची अळी लोकरच खाते व घामामळाच्या जागी आधी लागते. यास्तव मळके सूत कधीही बांधून ठेवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी ते उघडून झटकावे व थोडा वेळ उन्हात द्यावे. फार वेळ ठेवल्यास काळा रंग तांबूस पडतो. कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबून ही झाडझूड चुकवू नये.

निवडलेली, स्वच्छ लोकर असेल तरच सणगर ती मोलाने घेईल. मिसळलेल्या, मळक्या ढिगास गिऱ्हाईक नाही. आणि गिऱ्हाईक नसले म्हणजे काळी मेंढी कळपात टिकणार नाही, हे आमच्या शेतकरी बंधूंनी ध्यानी घ्यावे.