‘पोटात दुखतंय’ म्हणाला, तरी एक प्रश्न विचारा

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मध्यरात्री पोट धरून उठतो, एक उलटी होते. आपण ओवा देतो, हिंग लावतो आणि सकाळी बघू म्हणतो. चेन्नईतल्या वेलचेरीत आपण नोकरीनिमित्त आलेली माणसं, जाणतं माणूस गावाकडे. तेव्हा हे बोलणं आजच होऊ दे.

त्या वेळी मुलाला सरळ विचारा, ‘खाली, वृषणात दुखतंय का?’ वृषण ज्या दोरीसारख्या नळीला लटकतं, तिच्यातूनच त्याचा रक्तपुरवठा होतो. तिला पीळ बसला की रक्त थांबतं. कळ पोटात जाते आणि लाजेपोटी मुलगा ‘पोट’च म्हणतो. 12 ते 18 या वयात हे जास्त घडतं. साधारण 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुधा वाचतं. पुढे आशा झपाट्याने कमी होते. म्हणून सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत जायचं. एक वृषण गमावलं तरी दुसरं निरोगी असेल तर ते सहसा पुरेसं टेस्टोस्टेरॉन बनवतं, हेही मुलाला सांगा. त्याला त्याचीच धास्ती असते.

हे टेस्टोस्टेरॉन म्हणजे नुसती मिशी आणि घोगरा आवाज नव्हे. हाडं, स्नायू, रक्तातल्या लाल पेशी, सगळ्यांना ते लागतं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा निरोप आला की वृषणं ते बनवू लागतात. वयात येण्याची पहिली खूण म्हणजे वृषणं मोठी होणं, बहुतेकांत 9 ते 14 या वयात. मिसरूड फार नंतर. याच काळात अनेक मुलांच्या स्तनाग्राखाली दुखरी गाठ येते आणि पोरगा पोहायला जाणंच बंद करतो. बहुतेकदा ती वर्ष-दोन वर्षांत आपोआप जाते. पण हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं! चौदा उलटूनही काहीच बदल नसेल, किंवा नवाच्या आत सुरुवात झाली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

जिममधल्या इंजेक्शनांबद्दल मी कडक आहे. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी आपला निरोप थांबवते, वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात. वाढत्या वयात हाडांची टोकं लवकर जुळून उंचीही खुंटते.

घरात तान्हं बाळ असेल तर दोन्ही वृषणं खाली उतरलीत का, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या. सहा महिन्यांतही उतरली नाहीत तर बालशल्यचिकित्सकांना गाठा. ‘मोठा झाला की उतरेल’ हा सल्ला ऐकू नका.

बाबा रात्रपाळीला असतील तर आईने बोलावं, त्यात संकोच कसला? आणि रात्री शस्त्रक्रिया होणारं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच विचारून ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात वेलचेरीत पाणी तुंबतं, तेव्हा तिथे कोणत्या रस्त्याने पोचता येईल तेही. 108 ची रुग्णवाहिका आहेच.