गुणवत्ता आणि नेमणूक : कोलकाता महापालिकेचे उदाहरण

नगरपालिकेतील जागा कोणाला द्यावी हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी वाटतो. वास्तविक तो सत्तेचा प्रश्न आहे. कोलकात्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

१९२३ चा कलकत्ता महापालिका कायदा सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी मंत्री असताना घडविला. हे गृहस्थ स्पर्धा परीक्षेतून आय.सी.एस.मध्ये गेले व १८७४ मध्ये बडतर्फ झाले. निवड होणे आणि नोकरी टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल! या कायद्याखाली १९२४ मध्ये चित्तरंजन दास महापौर झाले आणि सत्तावीस वर्षांचे सुभाषचंद्र बोस मुख्य कार्यकारी अधिकारी. बोस यांच्या योग्यतेविषयी शंकाच नव्हती. १९२० च्या आय.सी.एस. परीक्षेत ते चौथे आले होते. तीन हजारांच्या वेतनापैकी ते दीड हजारच घेत. तथापि त्यांची नेमणूक पक्षाच्या बहुमताने झाली होती. नेमलेला माणूस उत्तम निघाला म्हणजे नेमण्याची रीत उत्तम ठरते असे नाही; तीच रीत पुढल्या बहुमताच्या हाती जशीच्या तशी जाते.

उलटपक्षी, केवळ गुणांची यादी म्हणजे पूर्ण न्याय, असेही म्हणता येत नाही. शिक्षणात मागे राहिलेल्या मुसलमानांना नोकऱ्यांत वाटा मिळावा, हा दासांच्या १९२३ च्या बंगाल कराराचा एक हेतू होता. परीक्षेच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकतो, हे परीक्षा सांगत नाही.

१९४८ मध्ये महापालिका बरखास्त झाली, १९५१ मध्ये नवा कायदा आला. १९८० च्या कायद्याने निवडीचे काम नगरसेवकांपासून दूर, महापालिका सेवा आयोगाकडे सोपविले. परंतु आयोगाचे कुंपण त्याच्या कक्षेतील पदांपुरतेच. हंगामी व कंत्राटी कामगार त्याला वळसा घालून येऊ शकतात, आणि वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला पुढे परीक्षेस बसविणे कोणालाच जड जाते.

एप्रिल २०२३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने राज्यातील नगरपालिकांच्या नोकरभरतीतील कथित गैरव्यवहाराचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे दिला. लेखी परीक्षा तेथेही झाल्या होत्या. तेव्हा विद्यार्थ्याने प्रथम विचारावे ते हे : उत्तरपत्रिका कोणी तपासल्या, आणि त्या आता कोणाच्या कपाटात आहेत?