मेसमधला पेपर आणि न सुचणारा विषय

"अंकासाठी काहीतरी लिही ना," असं म्हटलं की हॉस्टेलमध्ये ठरलेलं उत्तर येतं, "लिहिलं असतं रे, पण विषयच सुचत नाही!" आणि हे म्हणणारा मित्र त्याच वेळी मेसमध्ये पोहे खाताखाता पेपर चाळत असतो. मित्रांनो, विषय त्याच पेपरात असतात. बातमी वाचून झाली की आपण पान उलटतो. लेखक तिथे थांबतो आणि एक प्रश्न विचारतो.

विजय तेंडुलकरांचं 'कमला' हे नाटक याचं उत्तम उदाहरण. १९८१ साली 'इंडियन एक्स्प्रेस'चे पत्रकार अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशातली एक बाई २३०० रुपयांना विकत घेतली आणि बायकांची खरेदी-विक्री चालते हे छापून सिद्ध केलं. देशभर खळबळ उडाली. तेंडुलकरांनी ही घटना घेतली, पण ती नेली पत्रकाराच्या घरात. नाटकातला जयसिंग जाधव कमलाला विकत घेऊन दिल्लीत आपल्या घरी आणतो. तिथे ती त्याच्या सुशिक्षित बायकोला, सरिताला, अगदी निरागसपणे विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं? बस्! बातमी बाजाराची होती. या एका प्रश्नाने ती आपल्या सगळ्यांच्या घरात शिरली.

आता आपण करून बघू. समजा, कोपऱ्यात चार ओळी आहेत : मानपाड्याला जलवाहिनी फुटली, घोडबंदर रोडवर वाहतूक कोंडी, दिवसभर पाणी बंद.

१) बातमीत नसलेला माणूस शोधा. कोंडीत अडकलेल्या बसमधला, ज्याची दहा वाजता व्हायवा आहे तो. किंवा मेसमध्ये दोनशे ताटं घासणाऱ्या मावशी.

२) त्या दिवशी त्याचं नेमकं काय अडलंय ते ठरवा. 'त्रास झाला' हे बातमीचं वाक्य झालं. 'मावशींना आज लवकर निघायचं होतं' इथे गोष्ट सुरू होते.

३) मग कात्रण बाजूला ठेवा आणि लिहा.

चौथी गोष्ट मात्र मी चुकून शिकलो. फर्स्ट इयरला एका अपघाताच्या बातमीवर मी कविता केली होती. गेलेल्या मुलाचं खरं नावही तसंच ठेवलं. गॅदरिंगमध्ये टाळ्या पडल्या. कार्यक्रमानंतर हॉल झाडणाऱ्या मावशी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "तो आमच्याच चाळीतला. त्याच्या आईला वाचून दाखवाल का हे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग 'कमला' पुन्हा वाचलं, तेव्हा जयसिंगमध्ये मीच दिसलो. बातमी मोठी झाली. त्या बाईचं पुढे काय, हा विचार त्याने केला नव्हता. मीही टाळ्या घेऊन मोकळा झालो होतो.

तेव्हापासून लिहून झालं की स्वतःला विचारतो, हे त्या माणसाच्या घरच्यांसमोर वाचता येईल का? नसेल, तर नाव-गाव बदलून भागत नाही, पुन्हा लिहावं लागतं.

तर उद्या सकाळी पेपरातली सगळ्यात छोटी बातमी कापून वहीत चिकटवा. (रेक्टर सरांचं वाचून झाल्यावर, बरं का!) आणि पुढच्या अंकासाठी 'विषय नाही' ही सबब आता चालणार नाही.