अंध सहाबी आणि आमच्या तरुणांची कार्यशाळा

प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मक्केत कुरैशच्या सरदारांना दीन समजावून सांगत होते. हे लोक वळले तर इतरांचा मार्ग सुकर होईल, अशी त्यांची तळमळ होती. तेवढ्यात हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) तेथे आले व आपल्याला शिकविण्याची विनंती करू लागले. ते अंध होते. समोर कोण बसले आहे हे त्यांना दिसत नव्हते. प्रेषितांच्या (स.) कपाळावर आठी पडली व त्यांनी मुख वळवले. त्यावर कुरआनची ८० वी सूरह ‘अबस’ अवतरली. बेपर्वा माणसाकडे लक्ष पुरवावे आणि ओढीने आलेल्याकडे दुर्लक्ष व्हावे, हे अल्लाहला मान्य झाले नाही. ज्यांना ती आठी दिसलीही नव्हती, त्यांची बाजू स्वतः अल्लाहने घेतली.

पुढे मदीनेत काय घडले, तेही पाहावे. हजरत बिलाल (रजि.) यांच्याबरोबर इब्ने उम्मे मकतूम (रजि.) मस्जिदे नबवीचे मुअज्जिन झाले. रमजानमध्ये त्यांची फज्रची अजान ऐकून लोक सहरी थांबवीत. प्रेषित (स.) मोहिमेवर जात, तेव्हा अनेकदा मदीनेत त्यांना आपले प्रतिनिधी नेमत व ते नमाज पढवीत. म्हणजे त्यांना केवळ सहानुभूती मिळाली नाही, जबाबदारी मिळाली.

आज ठिकठिकाणी तरुणांसाठी सामाजिक जाणिवेच्या कार्यशाळा भरतात. भाषणे होतात, वस्तुवाटप होते, छायाचित्रे निघतात. परंतु दुसऱ्या दिवशी तो दिव्यांग बांधव पुन्हा घरातच असतो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग आहेत. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले; त्यांतील कित्येक वरवर दिसतही नाहीत. आपल्या मोहल्ल्यातील असे किती लोक जुमाच्या नमाजला येतात?

म्हणून कार्यशाळेत मुलांकडून तीन कामे करून घ्यावीत.

पहिले, मस्जिदीच्या पायऱ्या व वजूखाना मोजावा. चाकांच्या खुर्चीसाठी उताराचे प्रमाण १ः१२ असावे लागते. म्हणजे १ फूट उंचीसाठी १२ फूट लांब उतार. जागा कोठे निघेल, याचा नकाशा मुलांनीच काढून विश्वस्तांपुढे ठेवावा.

दुसरे, जिभेचा हिशेब घ्यावा. सूरह हुजुरातने (४९ः११) थट्टा व वाईट टोपणनावे निषिद्ध ठरविली आहेत. व्यंगावरून पडलेली किती नावे आपल्या गल्लीत सर्रास चालतात, ती आठवावीत व सोडावीत.

तिसरे, काम सोपवावे. ज्याला चालता येत नाही तो बैतुलमालचे हिशेब उत्तम ठेवू शकेल. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी खुत्ब्याचा सारांश लिहून द्यावा. तोच पुढे मुलांना खुणांची भाषा शिकवील. आणि कार्यशाळेची आखणी करतानाच दिव्यांग बांधव-भगिनींना बरोबर घ्यावे. त्यांची अडचण त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

मातापित्यांनीही आज रात्री मुलांना ‘अबस’चा अर्थ वाचून दाखवावा आणि एवढेच विचारावे: आपल्या दारी असा कोणी आला, तर आपण त्याच्यावर कोणते काम सोपवू?

अल्लाह आपणा सर्वांना ही शिकवण आचरणात आणण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.